ओतीव घोडेस्वार

सोमवारी सकाळी दुकानात पाय ठेवला तर माझ्या टेबलावर बाबांची पेटी. हिरवी, पत्र्याची, कोपऱ्यांवरचा रंग उडालेली. चाळीस वर्षं मी ती बघत आलेय, पण बाबांच्या कपाटाबाहेर कधी पाहिली नव्हती. त्यामुळे माझ्या वजनकाट्याच्या आणि दिव्याच्या शेजारी ती अशी दिसली, की बाबाच अंघोळीहून तसेच उठून दुकानात येऊन बसलेत. मला एकदम लाज वाटली आणि पाठोपाठ राग आला. आदल्याच दिवशी मी त्यांच्याकडे दोन तास होते. डोळ्यांत थेंब घातले, नखं कापली, औषधांच्या पट्ट्या दिवसवार लावून ठेवल्या, वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता वाचून दाखवल्या, कारण त्यांना तेवढंच ऐकायचं असतं. एवढ्या वेळात त्यांनी पेटीचं नाव काढलं नाही. मालक म्हणाले, "शनिवारी तुमच्या वडिलांचा फोन आला. तुम्ही सुटीवर होतात. माणूस पाठवून पेटी मागवली. संग्रहालयाला देणगी द्यायचीय म्हणे, दालनाला नाव लावणार आहेत. त्याआधी लेखी मूल्यांकन हवंय. खरं तर घरचं काम घरच्यानं करू नये, पण त्यांनी अटच घातली. म्हणाले, हिनंच करायचं, आणि हिला आधी सांगायचं नाही." मालकांना यात काहीतरी गोड दिसत होतं. मी पर्स खुंटीला अडकवली आणि म्हटलं, "बरं."

बावीस वर्षं मी जुन्या नाण्यांची पारख करते. चांदीची जास्त. सोन्याला माणसं सांभाळतात, तांब्याला कुणी विचारत नाही. मधल्या मधे चांदीच खरं आयुष्य जगते, खिशांतून फिरते, झिजते, काळवंडते, कुणी तिला भोक पाडून गळ्यात घालतं, कुणी घासून घासून तिचं तोंड बिघडवतं. लोक नाणी घेऊन येतात आणि किंमत ऐकताना माझ्या ओठांकडे बघत राहतात. बहुतेक वेळा मी त्यांची निराशा करते आणि खोटं कशाला बोलू, मला त्यात बरं वाटतं. हे काम मी धरलं तेव्हा बाबा म्हणाले होते, "म्हणजे दलाल झालीस." ते स्वतः संग्राहक. जन्मभर नोकरी वीज कंपनीतली, पण ओळख संग्राहक अशी. संग्राहक विकत नसतो, म्हणून तो वरचा. आम्ही भाव सांगतो, म्हणून आम्ही खालचे. त्यानंतर त्यांनी मला त्या पेटीजवळ फिरकू दिलं नाही. मी खोलीत आले की कपाटाची किल्ली खिशात घालायचे. मला ऐकू येईल अशी.

पेटीत दोनशे चौदा पाकिटं होती. तपकिरी कागदाची, आगपेटीएवढी, प्रत्येकावर बाबांचं मुंगीएवढं अक्षर. डोळे चांगले होते तेव्हाचं. 'उजवा कान किंचित झिजलेला. कडेला जुना घाव. तरीही उत्तम.' 'चेहरा शांत. उजेडात निळसर झाक.' 'गरीब नाणं, पण प्रामाणिक.' मी वाचत गेले. या माणसानं माझ्या प्रगतिपुस्तकावर न वाचता सही केली होती. आईचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, यांना याआधी काय काय झालंय, तर यांना सांगता आलं नाही. आणि इथं एका परक्या, मेलेल्या राजाचा कान किती झिजलाय ते टिपून ठेवलेलं. मग मी त्यांच्या चुका शोधायला लागले. सोमवारी चार सापडल्या, मंगळवारी सात. एका नाण्याचं साल चुकीचं, एकाची टांकसाळ चुकीची, एकाला 'दुर्मीळ' म्हटलेलं, जे माझ्याकडे महिन्याला दोन येतात. प्रत्येक चूक सापडली की मी समोरच्या कागदावर बारीक फुली करायचे आणि मला भूक लागल्यासारखं व्हायचं. मालक येता-जाता म्हणायचे, "जमतंय ना?" मी म्हणायचे, "मजेत."

गुरुवारी दुपारी एकशे सदतिसावं पाकीट हातात घेतलं. त्यावर लिहिलं होतं: 'सामान्य. झिजलेलं. किंमत नाही.' एवढंच. बाबा असं लिहीत नाहीत. गरिबातल्या गरीब नाण्याबद्दलही त्यांना दोन शब्द बरे सुचतात. मी पाकीट तळहातावर उलटं केलं आणि घोडेस्वार बाहेर पडला.

मी त्याला ओळखलं, ते पारखी म्हणून नव्हे. नऊ वर्षांची असताना वहीच्या मागच्या पानांवर तो घोडा मी शंभर वेळा काढला होता. डावा पाय उचललेला. इतर सगळ्या नाण्यांवर घोडा उजवा पाय उचलतो. कोरणाऱ्यानं एका साच्यात चूक केली आणि त्या चुकीची अशी मोजून चार नाणी जगात आहेत, असं बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. पाचवं त्यांना सापडलं होतं, एका प्रवासात, कुठल्याशा भंगारवाल्याकडे. ते नाणं घरात आलं तेव्हापासून आमच्या घराला बरे दिवस आल्यासारखं झालं. बाबा जेवताना बोलायला लागले. आईला त्यांनी नवा स्वेटर आणला. त्यांच्या संग्राहक मंडळातली माणसं रविवारी बाहेरगावच्या एका तज्ज्ञाला घेऊन ते बघायला येणार होती, पंधरा जणांसाठी आईनं शेजारून कप मागून आणून ठेवले होते. आणि शुक्रवारी संध्याकाळी ते चोरीला गेलं. सदतीस वर्षं ते चोरीलाच गेलेलं होतं. आता ते माझ्या हातावर होतं, घरच्या पाकिटात, घरच्या अक्षराखाली.

मी दिवा जवळ ओढला. भिंग डोळ्याला लावलं. पहिलं मनात आलं ते हे, की कुणीतरी परत आणून दिलं असेल. मनही काय काय शोधून काढतं. मग मी ते नुसतं पाहिलं, कुणाचंही नाणं पाहते तसं. अर्ध्या मिनिटात कळलं. घोड्याच्या पोटाखाली, जिथं पृष्ठभाग गुळगुळीत असायला हवा, तिथं बारीक गोल खड्डे होते, सुईच्या टोकाएवढे. खरं नाणं ठोकलेलं असतं. दोन साच्यांमध्ये चांदीची चकती ठेवून वर घाव घालतात, त्या घावानं धातू दाबला जातो, अक्षरांना धार येते. वितळलेली चांदी साच्यात ओतली तर तिच्यात हवा अडकते आणि बुडबुड्यांची जागा तशीच राहते. अक्षरं भिजलेल्या साबणासारखी मऊ होती. कडेवर साच्याच्या दोन भागांची शिवण कुणीतरी कानशीनं घासून काढलेली. चांदी चांगली होती, वजन बरोबर होतं. बाकी सगळं खोटं. मी तोंडातल्या तोंडात म्हटलं, "ओतीव." आमच्या धंद्यात दिवसातून दहा वेळा येणारा शब्द. पण त्या दिवशी तो माझ्या आवाजात आला नाही. तो मामाच्या आवाजात आला.

मामा आमच्याकडे तेव्हा सात-आठ महिने राहत होता. आईचा धाकटा भाऊ, अठ्ठावीस वर्षांचा. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देणाऱ्या एका कारखान्यात कामाला, पगार बेताचा, खोली मिळेपर्यंत आमच्या बाहेरच्या खोलीत पथारी. त्याच्या नखांत कायम पांढरं प्लास्टर असायचं. मला तो मेणाचे प्राणी करून द्यायचा. त्या आठवड्यात बुधवारी संध्याकाळी मी पाणी प्यायला उठले आणि बाबांच्या खोलीच्या दारात थबकले. कपाट उघडं होतं. बाबा आणि मामा दिव्याखाली वाकून उभे होते, नाणं मामाच्या हातात होतं. मामा काहीतरी म्हणाला. मला त्यातला एकच शब्द कळला, ओतलंय, आणि मला वाटलं चहाबद्दल बोलताहेत, कारण आई त्याच वेळी स्वयंपाकघरात चहा ओतत होती. मामा हसत होता. बाबांचा चेहरा मला दिसला नाही.

शुक्रवारी त्यांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं आणि त्यांच्या टेबलापाशी, त्यांच्या उंच स्टुलावर बसवलं. त्या स्टुलावर मला कधी बसू दिलं नव्हतं. माझे पाय लोंबत होते. आई दारात उभी, हात ओले. बाबांनी फार हळू, फार प्रेमानं विचारलं, "मामाला तू या कपाटापाशी पाहिलंस कधी?" मी म्हटलं, "हो." "त्याच्या हातात नाणं होतं?" "हो." "घोड्याचं?" "हो." त्यांनी पुढं विचारलं नाही. तुम्ही पण तिथं होतात, असं मी म्हणू शकले असते. मला ते माहीत होतं. पण ते माझ्याकडे इतकं लक्ष देऊन बघत होते, की पुढचं वाक्य बोललं तर ते बघणं थांबेल असं मला वाटलं. मग त्यांनी ड्रॉवर उघडून आपलं जुनं पितळी भिंग काढलं आणि माझ्या हातात दिलं. "घे. तुझी नजर चांगली आहे." आई खाली बसली. मामानं अर्ध्या तासात बॅग भरली. जाताना तो माझ्यासमोर गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "बुधवारी तू दारात होतीस ना? ऐकलंस ना मी काय म्हटलं ते? सांग की गं त्यांना." मी भिंगातून त्याच्या शर्टाचं बटण बघत होते. चार भोकं, दोरा निळा. मी म्हटलं, "मला नाही माहीत." तो उठला आणि गेला. रविवारी पंधरा माणसं आली, त्यांनी हळहळ व्यक्त केली, चहा घेतला. बाबांचं नाव उलट मोठं झालं. दाखवायला नाणं असतं तर झालं नसतं इतकं.

इतकी वर्षं माझ्या मनात ही गोष्ट नीट घडी करून ठेवलेली होती: मामाला बुधवारी नाण्याची जागा कळली, शुक्रवारी त्यानं ते उचललं. माणूस गरजू होता. मी खोटं बोलले नव्हते. आईला काय वाटत होतं ते तिनं कधी सांगितलं नाही, तिनं फक्त भावाचं नाव घेणं सोडलं. मामानं पुढं स्वतःची प्रयोगशाळा काढली, औषधांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, आमच्या घरापासून बसनं तीन स्टॉप. पाटी रस्त्यावरून दिसते. तिथून बस जायची तेव्हा आई दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघायची, आणि मीही बघायचे. सहा वर्षांपूर्वी ती गेली. माझ्यावर विश्वास ठेवून गेली. त्या गुरुवारी दुपारी, दिव्याखाली ते साबणासारखं नाणं धरून, मला या विश्वासाचा असा संताप आला की मी उठून मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

तशीच मी त्यांच्या घरी गेले तेव्हा बाबा खिडकीपाशी खुर्चीत होते. माझ्या पावलांवरून त्यांनी ओळखलं. "आज गुरुवार," ते म्हणाले. "रविवार नव्हे."

"थेंबांची वेळ झालीय," मी म्हटलं. त्यांनी मान मागं टाकली. पांढरट झालेल्या त्या डोळ्यांना आता फक्त उजेड आणि सावली कळते. मी उजव्या डोळ्याची पापणी वर धरली, थेंब घातला.

"कितव्या पाकिटापर्यंत आलीस?"

"एकशे सदतीस."

त्यांच्या गालाचा एक स्नायू हलला. "मग?"

"ओतीव आहे."

"कशावरून?"

आणि मी उत्तर दिलं. हे मला अजून झोंबतं. तिथंच ओरडायला हवं होतं, बाटली फेकायला हवी होती. पण त्यांनी विचारलं आणि मी परीक्षेला बसल्यासारखं सांगायला लागले: घोड्याच्या पोटाखालचे खड्डे, बोथट अक्षरं, कडेवरची घासलेली शिवण.

"वजन?"

"वजन बरोबर आहे."

"हं. वजनावर मी फसलो," ते मान मागं टाकूनच म्हणाले. "किती वेळ लागला तुला?"

"अर्धं मिनिट."

"तुझ्या मामाला तेवढाही लागला नव्हता."

खोलीत पंख्याचा आवाज होता. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती पुन्हा पुन्हा बंद पडत होती. मी म्हटलं, "तुम्ही त्याला चोर ठरवलंत."

"मी? मी कुणाला चोर म्हटलं नाही. आठवून बघ. मी प्रश्न विचारले. उत्तरं तू दिलीस."

"मी नऊ वर्षांची होते."

"नऊ वर्षांचं पोर खोटं बोलत नाही, असं तुझी आई म्हणाली. मी नाही म्हटलं."

"का केलंत पण? नाणं खोटं आहे म्हणून सांगून टाकायचं. लोक फसतात."

"लोक फसतात," ते म्हणाले. "मी फसत नव्हतो. रविवारी पंधरा माणसं येणार होती. आणि तो हसला. नाणं हातात घेऊन हसला. म्हणाला, भावोजी, हे तर माझ्या कवळ्यांचं भावंड, असे बुडबुडे मी रोज घासून काढतो." ऐंशी वर्षांच्या त्या माणसाचा आवाज इथं किंचित कापला. "त्याला तसं म्हणायची काही गरज नव्हती."

"आईला कधीच सांगितलं नाहीत?"

"तिनं विचारलं नाही."

"आणि आता का पाठवलंत? काढून टाकायचं होतं. वितळवायचं होतं."

"चांदी चांगली आहे," ते म्हणाले. त्यांना हे कारण पुरेसं वाटत होतं. मग थोड्या वेळानं: "माझी नजर गेली. बावीस वर्षं तू दलालांत काढलीस. म्हटलं, बघू तरी शिकलीस का काही." ते थांबले. "शिकलीस."

त्यांनी आयुष्यात मला दिलेली ही दुसरी शाबासकी. आणि माझ्या अंगावरून, मानेपासून खाली, काहीतरी सुखाचं सरसरत गेलं. शेपूट हलवणाऱ्या कुत्र्यासारखं. सेहेचाळीस वर्षांची बाई मी, हातात औषधाची बाटली, समोर हा माणूस, आणि मला बरं वाटलं. त्या क्षणी मला त्यांच्याइतकीच माझी शिसारी आली. ते म्हणाले, "ते एक पाकीट वगळ. संग्रहालयाला द्यायची यादी स्वच्छ हवी." मी बाटलीला झाकण लावलं. "डावा डोळा राहिला," ते म्हणाले, चेहरा अजून छताकडे. मी म्हटलं, "हो, राहिला," आणि बाटली त्यांच्या हाताला लागणार नाही इतक्या उंच फळीवर ठेवून निघाले. जिन्यात ते मला हाक मारताहेत असं वाटलं. हाक नव्हती. ते शेजाऱ्यांच्या बाजूच्या भिंतीवर काठी ठोकत होते, कुणीतरी येऊन डोळ्यात थेंब घाला म्हणून.

अहवाल मी शुक्रवारी पूर्ण केला. क्रमांक एकशे सदतीसपाशी लिहिलं: 'ओतीव. अलीकडची नक्कल. संग्रहात मूल्य नाही. ही गोष्ट संग्राहकाला सदतीस वर्षांपासून माहीत आहे आणि ती लपवण्यासाठी त्यानं एका निर्दोष माणसाला घराबाहेर काढलं.' आमच्या मालकांनी चष्मा वर करून ते दोनदा वाचलं. "बाई, हे दुसरं वाक्य... हे आपलं काम नाही." मी म्हटलं, ते नसेल तर मी सही करणार नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि अहवालावर स्वतः सही केली, ते वाक्य काढून. रागावलेही नाहीत. त्यांनी मला चहा सांगितला. कुणाचं काही अडलं नाही. पुढं दोन महिन्यांनी दालन उघडलं, बाबांचं नाव पितळी अक्षरांत लागलं, आणि मी गेले नाही याची फक्त फुलं आणणाऱ्यानं चौकशी केली.

पण ते नंतरचं. त्या शनिवारी दुपारी मी तीन स्टॉप जाऊन उतरले आणि औषधांच्या दुकानाशेजारचा जिना चढले. वर एकच लांबट खोली. भिंतीवर फळ्या आणि फळ्यांवर माणसांचे जबडे, पांढऱ्या प्लास्टरचे, प्रत्येकावर पेन्सिलनं आकडा. टेबलापाशी एक म्हातारा पाठमोरा बसलेला, तोंडाला फडकं बांधलेलं, हातातल्या छोट्या फिरत्या चाकावर कवळी घासत होता. जळक्या गुलाबी धुळीचा वास. तो मागं न बघता म्हणाला, "कुठल्या डॉक्टरांकडून?"

"कुणाकडून नाही," मी म्हटलं.

त्यानं चाक बंद केलं आणि वळून पाहिलं. माझं कपाळ आईसारखं आहे, सगळे म्हणतात. त्यानं आधी कपाळच पाहिलं. मग फडकं खाली ओढलं. मी पूर्वी त्याला अरे-तुरे करायचे. आता तोंडातून निघालं, "मामा, तुम्ही ते नाणं घेतलं नव्हतंत. मला कळलंय."

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

बसायला जागा होती, पण त्यानं बस म्हटलं नाही. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं: पेटी, पाकीट, बाबांनी काय कबूल केलं. त्याच्या हातात कुणाची तरी खालची कवळी होती आणि बोलणं चालू असताना तो अंगठ्यानं तिची आतली बाजू चाचपत होता. माझं संपलं तेव्हा म्हणाला, "तू लहान होतीस. सदतीस वर्षं मी स्वतःला सांगत आलो, अरे, पोर होतं ते. पटत नाही. जाताना तुला विचारलं होतं मी."

"हो."

"आठवतंय?"

"हो."

"मग झालं तर," तो म्हणाला. "माफी मागायला आली असशील तर तसं म्हणू नकोस. मला मग काहीतरी उत्तर द्यावं लागेल." मी म्हटलं नाही. पायांखाली गुलाबी धूळ होती आणि तिच्यात माझ्या चपलांचे ठसे उमटले होते. मला वाटलं आता निघावं. तेवढ्यात त्यानं विचारलं, "ताईला शेवटी फार त्रास झाला?"

"नाही. तीन आठवडे. झोपेतच गेली."

"दात होते?"

मला कळलं नाही. "काय?"

"दात. तिचे दात लहानपणापासून वाईट. आमच्या आईचेही तसेच. साठीच्या पुढं राहिले नसणार."

"कवळी होती," मी म्हटलं. "वरची, खालची, दोन्ही. बाबांनी एका दवाखान्यातून करून आणली होती. नीट बसली नाही. ती घरात काढूनच ठेवायची. कुणी आलं की घालायची."

"किती वर्षं?"

"आठ. नऊ असतील."

त्यानं हातातली कवळी टेबलावर ठेवली. फार हळू ठेवली. "कुठं लागायची?"

"माहीत नाही."

"वरची की खालची?"

"नाही लक्षात."

"डावीकडं, उजवीकडं? जखम व्हायची? बोलताना निसटायची? खायची काय मग नऊ वर्षं?"

"मऊच खायची. मामा, खरंच माझ्या लक्षात नाही."

तो उठला. मला वाटलं होतं त्यापेक्षा तो बुटका होता. नखांत प्लास्टर तसंच. "घरात दोन-दोन पारखी," तो म्हणाला, आणि आता त्याचा आवाज चढला, फळ्यांवरचे जबडे हलतील इतका. "मुंगीएवढं अक्षर वाचणारे. घोड्याचा पाय कुठला ते बघणारे. आणि ती समोर बसून जेवत होती ना रोज? नऊ वर्षं? मी तीन स्टॉपवर होतो. दिवसाला सहा-सात कवळ्या बसवतोय मी, कुणाकुणाच्या. तीन स्टॉप! ती आली नाही कारण मी चोर होतो. तुम्ही का नाही बघितलंत? जा. जा तू."

मी जिना उतरले. रस्त्यावर ऊन होतं, बसथांब्यावर चार माणसं उभी. मी त्यांच्यामागं उभी राहिले. मला मामाचा राग आला, खोटं नाही सांगत. इतक्या वर्षांनी मी आपण होऊन आले आणि यानं मला दातांवरून हाकललं. बस आली, माणसं चढली, मी दांडीला हात घातला. आणि आई दिसली. स्वयंपाकघरात, खिडकीपाशी, ताट हातात घेऊन उभी. ती बसून जेवायचीच नाही शेवटी शेवटी. मान उजवीकडे कलती करून, घास उजव्या गालात धरून. मधेच थांबून डाव्या अंगठ्यानं जबड्याखाली दाबायची, मागं, कानाच्या अलीकडे, डोळे मिटून. आणि मी दारातून म्हणत असायचे, "आई, ती कवळी घाल ना नीट, तू काय बोलतेस ते कळत नाही." ती घालायची. घालताना तिच्या तोंडातून बारीक आवाज यायचा, आणि मी तोवर पलीकडे गेलेली असायचे. म्हणजे मी पाहिलं होतं. पाहिलेलं सगळं माझ्याकडे होतं. कंडक्टर म्हणाला, "चढायचंय की नाही बाई?" मी हात सोडला.

मी पुन्हा जिना चढले. मामा चाकापाशी बसला होता, पण चाक बंद होतं. मी दारातूनच म्हटलं, "खालची. डावीकडे. मागं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग हात लांबवून फळीवरचा एक जबडा उचलला, कुठल्या तरी अनोळखी माणसाचा, आणि कानावरची पेन्सिल काढून तिचं टोक मागच्या दाढेपाशी टेकवलं. "इथं?"

मी जवळ गेले. "थोडं आत. जिभेच्या बाजूला."

"इथं."

"हो."

त्यानं तिथं एक लहानसा गोल काढला. मग त्यावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा, आणि तसाच बघत बसला.

"दोन मिनिटांचं काम होतं," तो म्हणाला. "एवढंच घासायचं होतं. दोन मिनिटं."